‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ असं म्हणतंय कोण? कंपायलर की लिंकर?

विश्रामबागवाली | रविवार, दुपारी ३:४०

दर रविवारी सकाळी डिप्लोमाची सात-आठ मुलं माझ्याकडे सी शिकायला येतात. त्यांतल्या दोघांनी मिळून मार्केट यार्डातली हळदीची पट्टी काढणारा प्रोग्रॅम लिहायला घेतलाय. वजन आणि क्विंटलचा दर घ्यायचा, हमाली-तोलाई वजा करायची, शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम छापायची. एकाच्या घरी हळद असते, त्यामुळे हिशोब तोंडपाठ. कामही नीट वाटून घेतलं: एकाने ‘मेन डॉट सी’ लिहिली, दुसऱ्याने ‘पट्टी डॉट सी’, आणि दोघांच्या मध्ये ‘पट्टी डॉट एच’ ही हेडर फाईल.

आज पहिला मुलगा रडवेला होऊन आला. रात्री दोन तास तो ‘मेन डॉट सी’मध्ये सुटलेला अर्धविराम शोधत बसला होता. स्क्रीनवर सारखी एकच तक्रार: ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू पट्टी’. त्याच्या फाईलमध्ये एकही चूक नव्हती. ज्याने तक्रार केली त्याने ती फाईल वाचलेलीसुद्धा नव्हती. हे त्याला ठाऊक असतं तर रात्र वाया गेली नसती. मीही इतके दिवस ‘कंपाइल करा’ एवढंच म्हणत आले, आत किती जण काम करतात ते सांगितलंच नाही. म्हणून हा धागा. इथे सगळं देवनागरीत लिहितो, तेव्हा आज्ञाही तशाच देते. टर्मिनलवर रोमनमध्ये टाइप करा.

कंपाइल करायला आपण जी आज्ञा देतो ती ‘जीसीसी’. हा स्वतः फारसं काम करत नाही. ऊसतोडीच्या टोळीला जसा मुकादम असतो तसा तो आहे. तुम्ही त्याला फाईल देता, तो एकेकाला हाक मारतो.

पहिला प्रीप्रोसेसर. ‘हॅश इन्क्लूड’ दिसलं की ती हेडर फाईल तो जशीच्या तशी तिथे आणून ओततो आणि ‘हॅश डिफाइन’ची नावं बदलून टाकतो. त्याला सी भाषा कळत नाही, फक्त मजकूर कळतो. ‘जीसीसी’ला डॅश कॅपिटल ई देऊन बघा: दहा ओळींच्या प्रोग्रॅममध्ये एक ‘एसटीडीआयओ’ घेतली तरी शेकडो ओळी बाहेर पडतात. मुलांना हे एकदा दाखवाच, हेडरबद्दलचं गूढ तिथेच संपतं.

दुसरा खरा कंपायलर. तो व्याकरण तपासतो, प्रकार तपासतो आणि असेम्ब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या सूचना शब्दांत, लिहितो. डॅश कॅपिटल एस दिलं की ती वाचता येते. अर्धविराम, कंस, न सांगितलेला व्हेरिएबल या सगळ्या तक्रारी याच्या, आणि त्यात तो फाईलचं नाव आणि ओळ क्रमांक सांगतो.

तिसरा असेम्बलर. तो असेम्ब्लीचे आकडे करतो आणि ‘डॉट ओ’ ही ऑब्जेक्ट फाईल ठेवतो. डॅश छोटा सी दिलं की मुकादम इथेच थांबतो.

आता मुख्य गोष्ट. कंपायलरला एका वेळी एकच ‘डॉट सी’ फाईल दिसते. ‘मेन डॉट सी’ वाचताना त्याला ‘पट्टी डॉट सी’ जगात आहे की नाही हेसुद्धा माहीत नसतं. हेडरमध्ये लिहिलंय, ‘पट्टी नावाचं फंक्शन आहे, ते असं असं घेतं आणि डबल, म्हणजे अपूर्णांक चालणारा आकडा, परत देतं.’ कंपायलर या शब्दावर विश्वास ठेवतो. पण ते फंक्शन मेमरीत कुठे असेल ते त्याला कसं कळणार? मग ती जागा मोकळी ठेवली जाते. खरंच मोकळी: ऑब्जेक्ट फाईलच्या आतलं दाखवणाऱ्या ‘ओब्जडम्प’ला डॅश डी देऊन ‘मेन डॉट ओ’ उघडा. आपल्या नेहमीच्या ६४ बिटच्या इंटेल-एएमडी मशीनवर ‘कॉल’ या सूचनेचा बाइट ‘ई८’ दिसेल आणि त्यापुढे चार शून्य बाइट. सोबत फाईलमध्येच एक टिपण असतं: ‘या जागी पट्टीचा पत्ता भरायचा आहे.’ त्या टिपणाला रिलोकेशन म्हणतात.

चौथा लिंकर, त्याचं नाव ‘एलडी’. सी भाषा त्यालाही येत नाही. त्याच्यासमोर असतात फक्त ऑब्जेक्ट फायली आणि प्रत्येकीतली नावांची यादी. ती यादी ‘एनएम’ ही आज्ञा दाखवते. ‘एनएम मेन डॉट ओ’ केलंत तर ‘पट्टी’समोर कॅपिटल यू दिसेल, म्हणजे हवं आहे पण माझ्याकडे नाही. ‘एनएम पट्टी डॉट ओ’मध्ये त्याच नावासमोर कॅपिटल टी, म्हणजे माझ्याकडे आहे. प्रत्येक ‘यू’ला कुठून तरी एक ‘टी’ मिळवून देणं, सगळ्यांचे तुकडे एकापुढे एक रचणं, पत्ते ठरवणं आणि त्या चार शून्यांच्या जागी खरा आकडा भरणं हे लिंकरचं काम.

आमच्या मुलाने आज्ञा दिली होती ‘जीसीसी मेन डॉट सी’. दुसरी फाईल मुकादमाच्या हातात दिलीच नाही. कंपायलर खूश, असेम्बलर खूश, लिंकरला ‘टी’ सापडेना. ‘जीसीसी मेन डॉट सी पट्टी डॉट सी’ केलं आणि प्रश्न मिटला.

पोराच्या चेहऱ्यावर जे हसू आलं त्यासाठी पुढचे सगळे रविवार देईन.

तासगावचा_मनुका | रविवार, दुपारी ४:२५

वाचतोय ताई. एक शंका. ‘प्रिंटएफ’ची फाईल तर आपण कधीच देत नाही. त्याच्या ‘यू’ला ‘टी’ कोण देतं?

विश्रामबागवाली | रविवार, दुपारी ४:५०

फार योग्य प्रश्न. ती मुकादम स्वतःहून देतो. सी लायब्ररी न मागता प्रत्येक लिंकमध्ये जोडलेली असते. ‘जीसीसी’ला डॅश व्ही देऊन बघ, तो लिंकरला काय काय देतो त्याची लांबलचक ओळ छापून येते. त्यात ‘सीआरटी१ डॉट ओ’ नावाची छोटी फाईलही दिसेल. प्रोग्रॅम ‘मेन’पासून सुरू होतो असं आपण शिकवतो, पण आधी त्या फाईलमधलं ‘अंडरस्कोर स्टार्ट’ चालतं आणि ते पुढे ‘मेन’पर्यंत नेतं. म्हणून एकटी ‘पट्टी डॉट सी’ लिंक करायला गेलं की ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू मेन’ येतं. ‘मेन’ मागणारं ते ‘स्टार्ट’ असतं.

आणखी एक. लिनक्सवर ‘प्रिंटएफ’चं मशीन कोड सहसा तुझ्या प्रोग्रॅममध्ये येतच नाही. लिंकर फक्त नोंद करतो की ही ‘डॉट एसओ’ लायब्ररी लागेल. प्रोग्रॅम सुरू होताना लोडर ती शोधून जोडतो. ‘एलडीडी’ लावलंस की कोणत्या लागतात ती यादी मिळते.

हरिपूरकर | रविवार, संध्याकाळी ६:१०

धागा वाचून जुने दिवस डोळ्यांपुढे आले. नव्वदच्या दशकात आम्ही टर्बो सीवर शिकलो. ‘ग्राफिक्स डॉट एच’ घेऊन वर्तुळ काढायचं. कंपाइल व्हायचं, आणि मग निळ्या पडद्यावर ‘लिंकर एरर: अनडिफाइन्ड सिम्बॉल सर्कल’. सगळा वर्ग हेडरचं स्पेलिंग तपासायचा. उपाय होता ऑप्शन्स, लिंकर, लायब्ररीज या मेनूत जाऊन ‘ग्राफिक्स लायब्ररी’समोर खूण करणं. खूण का करायची ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, आम्ही पाठ केलं. हेडर म्हणजे लायब्ररी नव्हे, ही गोष्ट मला नोकरीत चार वर्षं गेल्यावर उमगली. म्हणून तुमच्या या धाग्याचं मोल मला जास्त वाटतं.

एक ऐतिहासिक गोष्ट जोडतो. ग्रेस हॉपर यांनी १९५१-५२च्या सुमारास युनिव्हॅकसाठी ‘ए-०’ नावाची प्रणाली केली आणि तिला कंपायलर म्हटलं. चुंबकीय फितीवर ठेवलेली तयार सबरुटीन क्रमांकाने शोधायची, एकत्र आणायची आणि त्यांचे पत्ते जुळवून एक प्रोग्रॅम बनवायचा. म्हणजे कंपाइल या शब्दाचा तेव्हाचा अर्थ शब्दशः संकलन! आज ते काम आपण लिंकर-लोडरचं मानतो. सूत्रासारखी भाषा घेऊन तिचं मशीन कोड करणारा आयबीएमचा फोरट्रान १९५७ला आला. थोडक्यात, जोडणारा आधी आला आणि भाषांतर करणारा मागून.

कृष्णामाई | रविवार, संध्याकाळी ६:३०

हरिपूरकर काका, संकलनाची ही गोष्ट माहीत नव्हती. धन्यवाद. उद्याच्या तासाला सांगणार.

डिग्रजचा | रविवार, रात्री ९:१५

नमस्कार. ताईंनी लिहिलेला तो मुलगा मीच. आजच खातं उघडलं.

ताई, आता नवीन अडचण आली. हमालीचा दर दोन्ही फायलींत लागतो म्हणून मी ‘पट्टी डॉट एच’मध्ये ‘डबल हमाली_दर’ असं लिहिलं. घरच्या लॅपटॉपवर ‘मल्टिपल डेफिनिशन ऑफ हमाली_दर’ येतं. पण हाच प्रोग्रॅम कॉलेजच्या लॅबमध्ये काही न बोलता चालला होता. हेडरला ‘इफनडेफ’चं कुलूपही लावलंय, तरी असं का? आणि दोन मशीनवर दोन उत्तरं कशी?

आयर्विनवरून | रविवार, रात्री ९:५५

डिग्रजच्या मित्रा, दोन्ही प्रश्नांना उत्तर आहे.

आधी कुलूप. ‘इफनडेफ’ एकाच ‘डॉट सी’मध्ये हेडर दोनदा ओतली जाऊ नये एवढंच बघतं. तुझी हेडर दोन वेगळ्या फायलींत एकेकदा ओतली गेली. कंपायलर दोनदा स्वतंत्रपणे चालला, पहिल्या वेळेचं त्याला दुसऱ्या वेळी काही आठवत नाही. म्हणून ‘मेन डॉट ओ’मध्ये एक हमाली_दर आणि ‘पट्टी डॉट ओ’मध्ये दुसरा. लिंकरपुढे एका नावाचे दोन मालक उभे राहिले. सातबाऱ्यावर एकाच गटाला दोन वेगळे खातेदार, आणि दोघंही म्हणतात पूर्ण गट माझा!

आता दोन मशीन. सीमध्ये आरंभीची किंमत न देता असा ग्लोबल व्हेरिएबल लिहिला तर जुने जीसीसी त्याला ‘कॉमन’ म्हणून नोंदवायचे आणि लिंकर अशा सगळ्या नोंदी एकत्र करून एकच जागा द्यायचा. २०२०मध्ये आलेल्या जीसीसी १०पासून ही सवलत न मागता मिळत नाही. लॅबमध्ये जुनी आवृत्ती असणार. ‘एफकॉमन’ हा पर्याय देऊन जुनं वागणं परत आणता येतं, पण कृपा करून ते करू नकोस. हेडरमध्ये ‘एक्स्टर्न डबल हमाली_दर’ लिही, म्हणजे ते नुसतं ‘कुठेतरी आहे’ एवढं सांगणं होतं. आणि फक्त ‘पट्टी डॉट सी’मध्ये एकदाच किमतीसह खरा व्हेरिएबल लिही.

डिग्रजचा | रविवार, रात्री १०:२०

झालं! खूप धन्यवाद दादा. ‘एनएम’ लावून बघितलं, ‘मेन डॉट ओ’मध्ये आता यू आहे आणि ‘पट्टी डॉट ओ’मध्ये डी. डी म्हणजे डेटा ना?

आयर्विनवरून | रविवार, रात्री १०:२४

बरोबर. किंमत दिलेला ग्लोबल ‘डेटा’त जातो. किंमत दिली नसतीस किंवा शून्य दिली असतीस तर बी दिसला असता, ‘बीएसएस’चा. त्या विभागाला फाईलमध्ये जागाच लागत नाही, किती बाइट शून्य हवेत एवढी नोंद पुरते.

मिरजेचा_रियाझी | सोमवार, सकाळी ८:०५

याच घरातलं एक कोडं मी टाकतो, मला यात अख्खा दिवस लागला होता. रक्कम पूर्ण रुपयांत आणायला ‘राउंड’ वापरलं. चाचणीसाठी आधी थेट ‘राउंड’ला साडेबारा आकडा दिला: लिंक झालं, चाललं. मग आकड्याच्या जागी वाचलेला व्हेरिएबल घातला: ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू राउंड’. फंक्शन तेच, हेडर तीच.

कारण असं की आकडा समोर दिसत असेल तर जीसीसी उत्तर स्वतःच काढून ठेवतो. ऑब्जेक्ट फाईलमध्ये ‘राउंड’चं नावच उरत नाही, मग लिंकर काय शोधणार? व्हेरिएबल आला की फंक्शनला खरोखर हाक मारावी लागते, आणि लिनक्सवर गणिताची लायब्ररी सी लायब्ररीपासून वेगळी आहे. ती डॅश एलएम लिहून मागावी लागते. तीही आज्ञेच्या शेवटी. स्टॅटिक लायब्ररी, म्हणजे जिचा कोड प्रोग्रॅममध्येच उतरतो ती, असेल तर लिंकर डावीकडून उजवीकडे जातो आणि त्या क्षणापर्यंत जी नावं मागितली गेलीत तेवढीच तिच्यातून उचलतो. लायब्ररी आधी लिहिली तर तोवर कुणी काही मागितलेलंच नसतं, तो रिकाम्या हाताने पुढे जातो. उबुंटूवर ‘डॉट एसओ’च्या बाबतीतही क्रम चुकला की हाच अनुभव येतो.

डिग्रजचा | सोमवार, रात्री ८:४०

सगळ्यांना पुन्हा त्रास देतोय. आता कंपाइल होतं, लिंक होतं, एकही तक्रार नाही, पण पट्टी चुकीची येते. ४७ क्विंटलला कधी ०.०० तर कधी काहीतरी भलताच आकडा. माझ्या मित्राने सूत्र तीन वेळा तपासलं, बरोबर आहे. घरी बाबांना दाखवायचं होतं.

विश्रामबागवाली | सोमवार, रात्री ९:०५

दोन गोष्टी सांग. हेडरमध्ये पट्टीची ओळ नेमकी काय आहे, आणि ‘पट्टी डॉट सी’मध्ये काय? आणि ‘पट्टी डॉट सी’ स्वतः ‘पट्टी डॉट एच’ घेते का?

डिग्रजचा | सोमवार, रात्री ९:१८

हेडरमध्ये दोन इंट, म्हणजे पूर्णांक, आहेत: वजन आणि दर. मित्राने नंतर साडेसत्तेचाळीस क्विंटल चालावं म्हणून आपल्या फाईलमध्ये दोन्ही डबल केले. त्याच्या फाईलमधून हेडर आता काढलेली आहे, फक्त हमाली_दर आहे.

विश्रामबागवाली | सोमवार, रात्री ९:४५

सापडलं. आणि ही चूक या धाग्यातली सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

‘मेन डॉट सी’ वाचताना कंपायलरने हेडरवर विश्वास ठेवला: दोन इंट द्यायचे. ६४ बिट लिनक्सवर पहिले दोन इंट ‘ईडीआय’ आणि ‘ईएसआय’ या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यांत, ठेवतात. त्याने ठेवले. ‘पट्टी डॉट सी’ वाचताना कंपायलरला हेडर दिसलीच नाही. त्याने डबल पाहिले. डबल ‘एक्सएमएम०’ आणि ‘एक्सएमएम१’मध्ये येतात, तो तिथून वाचतो. म्हणजे हाक मारणाऱ्याने ताट एका पंगतीत वाढलं आणि जेवणारा दुसऱ्या पंगतीत बसला. त्या रजिस्टरमध्ये आधीचं जे काही उरलेलं असेल त्याचा गुणाकार झाला.

दोन्ही वेळा कंपायलर आपल्यापुरता बरोबर होता. आणि लिंकरने नाव पाहिलं: तिकडे ‘पट्टी’ हवी, इकडे ‘पट्टी’ आहे, जोडून टाकलं. सीमध्ये ऑब्जेक्ट फाईलच्या त्या यादीत फंक्शन काय घेतं हे लिहिलेलंच नसतं, मग तो तपासणार कशाच्या आधारे?

उपाय एका ओळीचा. ‘पट्टी डॉट सी’च्या डोक्यावर ‘पट्टी डॉट एच’ घ्या. आता शब्द आणि काम दोन्ही एकाच फाईलमध्ये कंपायलरच्या डोळ्यांसमोर येतील आणि तो लगेच ‘कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स फॉर पट्टी’ म्हणून अडवेल. मग हेडर सुधारा, आणि ‘मेन डॉट सी’ पुन्हा कंपाइल करायला विसरू नका, कारण जुन्या ‘मेन डॉट ओ’त अजून इंटच आहेत. प्रत्येक ‘डॉट सी’ने स्वतःची हेडर घेतलीच पाहिजे, हे मी मुलांना पहिल्या दिवसापासून का सांगितलं नाही याचं मला आज वाईट वाटतंय. पुढच्या तुकडीला पहिल्याच तासाला सांगेन.

आयर्विनवरून | सोमवार, रात्री १०:०२

पूरक: सी++मध्ये हे लिंकरपाशीच अडलं असतं. तिथे कंपायलर प्रकार नावातच गुंफतो. दोन डबल घेणारी पट्टी जीसीसीच्या यादीत ‘अंडरस्कोर झेड ५ पट्टी डीडी’ अशी जाते. पाच म्हणजे नावातली रोमन अक्षरं, दोन डी म्हणजे दोन डबल. इंटवाली असती तर शेवटी दोन आय. नावंच वेगळी, म्हणून जुळलीच नसती. सी आणि सी++ एकत्र करताना ‘एक्स्टर्न सी’ लिहावं लागतं ते ही गुंफण थांबवायला.

हरिपूरकर | सोमवार, रात्री १०:३०

ताईंचं उत्तर वाचून मला मिरज स्टेशन आठवलं. पंढरपूर-कुर्डुवाडीकडची बार्शी लाईट रेल्वेची छोटी लाईन मिरजेपर्यंत होती. रुळांतलं अंतर अडीच फूट. पुण्याकडची मोठी लाईन साडेपाच फुटांची. स्टेशनचं नाव एकच, दोन्ही गाड्या ‘मिरज’लाच यायच्या. पण छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळावर चढत नसे. माल उतरवून पुन्हा भरावा लागे. लिंकर स्टेशनची पाटी वाचतो, रुळाची रुंदी मोजत नाही. ती मोजायची जागा कंपायलरपाशी, आणि मोजपट्टी म्हणजे हेडर.

तासगावचा_मनुका | सोमवार, रात्री १०:४१

काका, आता हे जन्मात विसरणार नाही.

पायथॉन वापरणाऱ्यांना यातलं काय लागतं?

मिरजेचा_रियाझी | मंगळवार, सकाळी ७:५०

रोजच्या कामात थोडंच. पायथॉन आधी बाइटकोड करतो आणि तो इंटरप्रिटर चालवतो. नाव सापडलं नाही तर ती ओळ चालताना ‘नेमएरर’ येते. पण नमपायसारख्या लायब्ररीचा गाभा सीमध्ये कंपाइल केलेली ‘डॉट एसओ’ फाईल असतो. ती लोड होईना, की तुम्ही पुन्हा याच धाग्यावर.

डिग्रजचा | मंगळवार, रात्री ९:३०

पट्टी बरोबर आली! बाबांनी वहीतल्या मागच्या हंगामाच्या तीन पट्ट्या ताडून बघितल्या, तिन्ही जुळल्या. मित्राने आणि मी ठरवलंय, हेडर बदलायची तर एकमेकांना फोन करायचा.

शेवटचं विचारतो. यार्डातल्या आमच्या आडत्या काकांच्या संगणकावर विंडोज आहे. तयार झालेली फाईल पेनड्राइव्हवर नेली तर चालेल का?

विश्रामबागवाली | मंगळवार, रात्री ९:५०

शाब्बास दोघांनाही! तीनही जुळल्या हे वाचून फार आनंद झाला.

नाही, तशीच चालणार नाही. प्रोसेसर तोच असला तरी वेष्टन वेगळं आहे. तुझी फाईल ‘एल्फ’ प्रकारची आहे. तिचा पहिला बाइट ७एफ आणि पुढची तीन अक्षरं ई, एल, एफ. विंडोजला ‘पीई’ प्रकार हवा, त्याची सुरुवात एम आणि झेड या दोन अक्षरांनी होते. विंडोजचा लोडर पहिल्याच घासाला नाही म्हणेल. शिवाय तुझी फाईल लिनक्सची सी लायब्ररी मागते, ती तिथे नाही.

तुमच्या ‘डॉट सी’ आणि ‘डॉट एच’ मात्र जशाच्या तशा चालतील. विंडोजसाठी जीसीसीचा मिनजीडब्ल्यू मिळतो. शनिवारी लॅपटॉप घेऊन ये, त्याच फायलींतून ‘डॉट ईएक्सई’ काढू आणि दुपारी यार्डात जाऊन काकांच्या समोर पहिली पट्टी छापू. येताना वहीतली एखादी अर्ध्या क्विंटलची पट्टी आण, पूर्ण आकड्यांवर आपली चाचणी झालीय, अपूर्णांकावर अजून व्हायची आहे.